तिथीची पाऊणपट

बावीस वर्षं माझा दिवस सात सोळाच्या चर्चगेटने ठरवला. कुकर कधी लावायचा, केस कधी विंचरायचे, मुलीला कधी उठवायचं, सगळं त्या गाडीपासून उलटं मोजलेलं. लग्न होऊन १९९६ साली गिरगावातून वसईला आले आणि तेव्हापासून पापडीजवळच राहते आहे. पण त्या काळात कुणी विचारलं असतं, 'तुमच्या वसईत काय आहे हो?', तर मी म्हटलं असतं, 'स्टेशनला जायला रिक्षा लगेच मिळते.' समुद्र घरापासून चार-पाच किलोमीटरवर. तो पाहुणे आले की पाहायचा. बटाटेवडे बांधून न्यायचे, मुलांनी पाय ओले करायचे, फोटो काढायचे आणि अंधार पडायच्या आत परतायचं.

२०१८ मध्ये स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्याच वर्षी रिपोर्टमध्ये साखर काठावर आलेली दिसली आणि डॉक्टरांनी रोज पाऊण तास चालायला सांगितलं. चालता चालता धावायला नेमकी कधी लागले, ते सांगता येणार नाही. एका दिव्याच्या खांबापासून पुढच्या खांबापर्यंत धावायचं, मग दोन खांब चालायचं, असं सुरू झालं. पन्नाशीची बाई पहाटे रस्त्याने धावते आहे, हे आमच्या गल्लीला नवीन होतं. पहिल्याच आठवड्यात दूधवाल्याने गाडी थांबवून विचारलं, "काकू, घरी सगळं ठीक ना? सोडू का कुठे?" त्याच्या आवाजातली काळजी खरी होती. इतकी वर्षं मी या रस्त्याने रिक्षातून गेले होते. रस्त्याने माझी विचारपूस केली ती मी पायांवर आल्यानंतर.

समुद्रावर धावायचं ठरवून पहिल्यांदा गेले ती सुरुचीच्या किनाऱ्यावर, जानेवारीतल्या एका सकाळी सहाच्या सुमारास. रुंद, सपाट, ओली वाळू असेल अशी कल्पना होती. प्रत्यक्षात पाणी निम्म्या किनाऱ्यापर्यंत येऊन रेंगाळलेलं. खाली तिरका उतार, वर भुसभुशीत कोरडी वाळू, एवढाच पट्टा शिल्लक. मी कोरड्या वाळूतून धावायला घेतलं. पाऊल टाकलं की टाच आत जायची आणि पाय उचलताना निम्मी ताकद वाळूतच जिरायची. दहा मिनिटांत उजव्या पोटरीत असा गोळा आला की एका आडव्या पडलेल्या सुरूच्या खोडावर बसून दोन्ही हातांनी पाय दाबत राहिले. पुढे वाचनात आलं की मऊ कोरड्या वाळूत धावायला कठीण जमिनीपेक्षा सुमारे १.६ पट ऊर्जा लागते. त्या सकाळी ते मला पोटरीने आधीच सांगून ठेवलं होतं.

सुरूच्या बनात एक मावशी सरपण गोळा करत होत्या. पाचूबंदरच्या. काखेत वाळक्या काटक्यांची मोळी, ओच्यात सुरूची बोंडं, गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला क्रूस. त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं, मग पाण्याकडे.

"आज तिथी कोणती, बाय?"

"लक्षात नाही हो."

"अष्टमी. भांगाचं पाणी आहे. आज काय हा किनारा तुला धावायला मिळायचा नाही."

मग त्या मोळी खाली ठेवून माझ्याशेजारी बसल्या आणि मला एक हिशेब शिकवला. तिथीची पाऊणपट करायची. जो आकडा येईल, त्या वाजता भरती. अष्टमी म्हणजे आठ, आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी सहाला पाणी भरलेलं आणि संध्याकाळी सहालाही. चतुर्थीची पाऊणपट तीन. द्वादशीची नऊ. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. "कागद-पेन्सिल लागत नाही," त्या म्हणाल्या, "बोटं पुरतात."

दर रविवारी मिस्साला जाणाऱ्या बाईच्या तोंडी तिथी. आमच्याकडे भिंतीवर कॅलेंडर टांगलेलं असतं, पण मला त्यातल्या एकादश्या आणि चतुर्थ्या तेवढ्या माहीत, त्याही साबुदाण्यापुरत्या. इथल्या ख्रिस्ती कोळ्यांनी साडेचारशे वर्षांपूर्वी धर्म बदलला, प्रार्थना बदलल्या, नावं बदलली. तिथी मात्र सोडली नाही, कारण होडी काढायची ती पाण्यावर आणि पाणी चालतं चंद्रावर. घरी येऊन मी कॅलेंडर उतरवलं आणि महिनाभराच्या तिथ्यांपुढे पेन्सिलीने भरतीच्या वेळा लिहून काढल्या. त्या दिवसापासून माझं धावणं त्या पेन्सिलीवर चाललं आहे.

हा हिशेब ढोबळ आहे हे खरं. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, भरतीही तशीच मागे पडत जाते, आणि पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटं. पंधरवड्यात त्या चार-दोन मिनिटांची बेरीज होते. पौर्णिमेला पाऊणपट केली तर सव्वाअकरा येतात, पण आमच्या किनाऱ्यावर पाणी भरतं बाराच्या सुमारास. मावशींना हे ठाऊक होतं. "पुनवेला आणि अवसेला थोडं पुढे धर," एवढंच त्या म्हणाल्या.

आता यातून धावणाऱ्याच्या हाती काय लागतं ते बघा. अमावास्या आणि पौर्णिमेला दुपारी बाराला भरती, म्हणजे सकाळी सहाला पुरती ओहोटी. शिवाय हे दिवस उधाणाचे. सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत आलेले असतात, दोघांची ओढ एकत्र होते, त्यामुळे भरती खूप वर चढते आणि ओहोटीला पाणी तितकंच दूर जातं. म्हणजे महिन्यातून दोनदा, अगदी उजाडण्याच्या वेळी, समुद्र स्वतःहून मागे सरतो आणि ओला, टणक, गुळगुळीत रस्ता मोकळा करून देतो. त्यानंतरच्या द्वितीया-तृतीयेला ओहोटी साडेसात-साडेआठपर्यंत पुढे जाते, तरी पुरेशी जागा मिळते. चतुर्थीनंतर पट्टा आखडत जातो. अष्टमीच्या आसपास भांग. त्या दिवसांत पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही.

मी महिन्याचे असे वाटे करून घेतले आहेत. उधाणाचे दिवस किनाऱ्याला, भांगाचे दिवस वाड्यांना आणि किल्ल्याला.

उधाणाच्या दिवशी सुरुचीला पोचते तेव्हा बनात अजून अंधार असतो. अंधारात एकटीने बनातून जायचं नाही, हा माझा नियम आहे. एक तर कुत्री, आणि दुसरं कारण प्रत्येक बाईला ठाऊक आहे. फटफटेपर्यंत गेटजवळच्या चहाच्या टपरीपाशी थांबते. मग सुरूच्या पानांच्या गादीवरून खाली उतरायचं. ही सुयांसारखी पानं इतकी दाट पडलेली असतात की बुटांचा आवाज होत नाही. पुढे चपलांच्या आणि बाटल्यांच्या कचऱ्याची एक रेघ लागते, काल रात्रीच्या भरतीने आणून टाकलेली. ती ओलांडली की मऊ वाळू, आणि मग एकदम पायाखाली टणक लागतं. अंगात एक हलकेपणा येतो. दर वेळी येतो.

या टणक पट्ट्यावरही उतार असतो. पाण्याच्या बाजूचा पाय सतत जरा खाली पडतो. सुरुवातीच्या वर्षी मी उत्तरेला धावत जायचे आणि रस्त्याला लागून रिक्षाने परतायचे. तीन महिन्यांत डावा गुडघा बाहेरच्या बाजूने दुखू लागला, जिना उतरताना कळ यायची. फिजिओथेरपिस्टने बुटांचे तळ बघितले आणि विचारलं, "नेहमी एकाच बाजूला कललेल्या जमिनीवर धावता का?" उपाय साधा निघाला. जितकं जायचं तितकंच त्याच किनाऱ्याने परत यायचं, म्हणजे उतार दोन्ही पायांच्या वाट्याला सारखा येतो. तेव्हापासून मला परत फिरायला एक खूण लागू लागली आणि रानगावच्या पुढे, भुईगावच्या अंगाला, मला माझं वळणाचं झाड मिळालं.

झाडाकडे येतेच. त्याआधी पायाखालचं सांगते, कारण मी बराच वेळ खालीच बघत धावते. ओहोटीनंतर अर्ध्या-पाऊण तासात ओल्या वाळूवर बारीक गोळ्या दिसू लागतात, मोहरीपासून वाटाण्यापर्यंतच्या आकाराच्या. मध्यभागी पेन्सिल जाईल एवढं भोक आणि त्याच्याभोवती गोळ्यांच्या ओळी, सूर्याच्या किरणांसारख्या. हे काम नखाएवढ्या खेकड्यांचं. खेकडा बिळातून बाहेर येतो, वाळू तोंडाशी नेतो, तिच्यातलं खाण्याजोगं गाळून घेतो, उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो आणि एक पाऊल पुढे सरकतो. एकदा बुटाची नाडी बांधायला वाकले ती तशीच बसून राहिले. माझी हालचाल थांबल्यावर मिनिटभरात आजूबाजूची सगळी भोकं जागी झाली. एकाने माझ्या बुटाच्या टोकापासून वीतभर अंतरावर अकरा गोळ्या केल्या. मी मोजल्या. बारावी करताना माझी सावली हलली आणि तो आत गेला. दुपारची भरती हे सगळं पुसून टाकते आणि पुढच्या ओहोटीला तो पुन्हा पहिल्या गोळीपासून सुरू करतो.

थंडीत पाण्याच्या कडेला चिखल्यांचे थवे असतात. राखाडी पाठीचे, पांढऱ्या पोटाचे छोटे पक्षी, हिमालयापलीकडच्या उंच पठारांवर अंडी घालून इकडे हिवाळा काढायला आलेले. लाट मागे गेली की तिच्यामागे तुरुतुरु धावतात, चोच मारतात आणि पुढची लाट यायच्या आत परत. मी जवळ आले की सगळा थवा एकदम उठतो, पाण्यावरून अर्धवर्तुळ घेतो आणि माझ्या मागे जाऊन बसतो. म्हणून थवा दिसला की मी आता चालायला लागते आणि वरच्या अंगाने वळसा घालते. इतक्या लांबून आलेल्या जिवाला माझ्या व्यायामासाठी उडायला लावायचं, हे मनाला पटत नाही.

पौर्णिमेची पहाट मात्र वेगळीच. आमचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, सूर्य पाठीमागून येतो, तुंगारेश्वरच्या डोंगरावरून. त्यामुळे वसईच्या समुद्रावर सूर्योदय दिसत नाही अशी माझी समजूत होती. पौर्णिमेला समोर चंद्र मावळत असतो. पिवळट, मोठा, पाण्याला टेकत आलेला. ओल्या वाळूवर त्याचा लांबच लांब पट्टा पडतो आणि तो माझ्याबरोबर चालतो. पाठीमागे आभाळ तांबूस होत जातं, मग सुरूच्या शेंड्यांमधून ऊन येतं आणि माझी सावली पाण्याच्या दिशेने पडते. त्या वेळी समुद्र सगळ्यात लांब गेलेला असतो. मी दक्षिणेकडून उत्तरेला धावते तेव्हा डाव्या हाताला चंद्र आणि उजव्या हाताला सूर्य असतो. हे दर महिन्याला, माझ्या घरापासून पाच किलोमीटरवर घडत होतं. मी तेव्हा फलाटावर उभी असायचे.

भांगाच्या दिवसांत वाड्या. पापडीहून निघून बंगली, गिरीज, भुईगाव, वाघोली, निर्मळ अशा गावांतून जाणारे हे रस्ते. मुंबईच्या इतक्या जवळ अशी हिरवी वाट राहिली आहे यावर बाहेरच्यांचा विश्वास बसत नाही. दोन्ही बाजूंना केळी, नारळ, सुपारी. कोपऱ्याकोपऱ्यावर क्रूस, त्याच्या पायाशी झेंडूचा हार आणि मेणबत्ती. थोड्या पुढे एखाद्या देवीचं देऊळ. पहाटे साडेचार-पाचला इथे पूर्ण जाग असते. सोनचाफ्याच्या आणि भाजीच्या टोपल्या घेऊन बाया दादरच्या बाजाराला निघालेल्या असतात. सात सोळाच्या आधीच्या कितीतरी गाड्या त्यांनी वर्षानुवर्षं पकडल्या आहेत. आम्ही एकाच फलाटावरून जात होतो आणि मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आता एकमेकींना हात करतो. सोनचाफ्याचा वास धावताना फार पुढून कळतो, वळणाआधीच. एकीने मला एकदा दोन फुलं दिली. ती मुठीत धरून पाच किलोमीटर धावले. घरी मूठ उघडली तेव्हा ती काळपट झाली होती आणि हाताचा वास दुसऱ्या दिवशीपर्यंत गेला नाही.

या वाटेवर मला सगळ्यात आवडतात ती बावखलं. ज्यांनी पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगते: बावखल म्हणजे वाडीच्या पोटात खणलेलं तळं. पावसाचं गोडं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं, आजूबाजूच्या विहिरी त्यावर जगतात. समुद्र इतका जवळ असलेल्या जमिनीत गोडं पाणी टिकवणं ही सोपी गोष्ट नाही. जमिनीखाली गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्याला अडवून धरतो. तो उपसला की खारं पाणी विहिरीत शिरतं. टँकर भरभरून इथलं पाणी बाहेर जाऊ लागलं, जमिनीवर बिल्डरांची नजर पडली, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. मी तेव्हा गिरगावात होते. वर्तमानपत्रात वाचलेलं अंधूक आठवतं. २०२४ च्या जुलैमध्ये फादर गेले. त्यानंतरच्या आठवड्यात या रस्त्याने धावताना एका बावखलापाशी थांबले. पावसाने ते काठोकाठ भरलं होतं, पाण्यावर हिरवी शेवाळ, एका कडेला झापांसाठी भिजत टाकलेल्या नारळाच्या झावळ्या. एक खंड्या काठावरच्या फांदीवरून सुळकन पाण्यात गेला आणि चोचीत काहीतरी घेऊन वर आला. हे पाणी इथे आहे, कारण काही माणसं त्यासाठी रस्त्यावर उतरली होती. पुष्कळ बावखलं बुजवली गेली, त्यांच्यावर आज इमारती आहेत. तिथून जाताना मला आता मुद्दाम आठवण ठेवावी लागते की इथे पाणी होतं.

निर्मळला पोचलं की टेकाडावरचं शंकराचार्यांचं मंदिर, खाली तलाव, आणि गावातच होली क्रॉस चर्च. कार्तिकातल्या जत्रेत इथे सुकेळी मिळतात, राजेळी केळी सोलून उन्हात वाळवून केलेली, मधासारख्या रंगाची. लांब धावायला जाताना खिशात दोन सुकेळी ठेवायची सवय मला त्या जत्रेनेच लावली. दुकानातल्या चकचकीत पाकिटातल्या जेलपेक्षा माझ्या पोटाला हीच मानवतात.

किल्ल्याकडे मी सहसा एकादशीच्या आसपास जाते. पारनाका, झेंडाबाजार ओलांडला की रस्ता सरळ तटबंदीतून आत शिरतो आणि किल्ल्याच्या मधून बंदरापर्यंत जातो. डांबरी आहे, सावलीचा आहे. पोर्तुगीजांना वसई मिळाली १५३४ मध्ये आणि दोन वर्षांत त्यांनी इथे किल्ला बांधायला घेतला. दोनशे वर्षं हे त्यांचं उत्तरेकडचं मुख्य शहर होतं. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी ते घेतलं. आज आत शिंदीची झाडं, वेली आणि छप्पर नसलेली चर्च. त्यातल्या एकात अजूनही संत गोन्सालो गार्सिया यांच्या सणाला मिस्सा होतो. ते वसईचेच. १५९७ मध्ये नागासाकीला त्यांना क्रुसावर चढवलं आणि १८६२ मध्ये संतपद मिळालं.

इथे धावताना मी एक गोष्ट नेहमी करते. सहाच्या सुमाराला गावातल्या चर्चची घंटा होते, त्या वेळी मी किल्ल्यातल्या एखाद्या उभ्या मनोऱ्याखाली असेन अशी वेळ साधते. वर बघितलं की घंटेची कमान रिकामी दिसते, तिच्यातून आभाळ आणि पोपट. इथल्या घंटा मराठे विजयाची खूण म्हणून घेऊन गेले. नाशिकची नारोशंकराची घंटा, भीमाशंकरची, मेणवलीच्या घाटावरची, या सगळ्या वसईहून गेलेल्या मानतात. मेणवलीची मी पाहिली आहे, तिच्यावर १७०७ साल कोरलेलं आहे. माझ्या माहेरी वसईचा विजय म्हणजे अभिमानाची गोष्ट, आणि तो अभिमान मला आहे. पण ज्यांच्या गावाच्या घंटा गेल्या, त्यांच्याच वाड्यांतून मी आता रोज सकाळी धावते, ते मला हात करतात, पाणी विचारतात. रिकाम्या कमानीखाली उभं राहून दुसऱ्या चर्चची घंटा ऐकताना दोन्ही गोष्टी एकदम मनात असतात. त्यांना एकमेकींत मिसळायचा प्रयत्न मी सोडून दिला आहे.

२०११ मध्ये वसई-विरारची मॅरेथॉन सुरू झाली. त्यानंतर इथे धावणाऱ्यांचे गट झाले, पहाटे रंगीत टी-शर्ट दिसू लागले. मी एकदा त्यात अर्धी मॅरेथॉन धावले. दुतर्फा लोक टाळ्या वाजवत होते, शाळेची मुलं लेझीम खेळत होती, छान वाटलं. पुन्हा नाव घातलं नाही. एवढ्या आवाजात मला माझा श्वास ऐकू येत नव्हता.

आता झाड.

रानगावच्या पुढे सुरूच्या बनाची कडा जिथे थोडी पाण्याकडे आलेली होती, तिथे सगळ्यात पुढे एक झाड होतं. वाऱ्याने जमिनीकडे कललेलं, बुंध्यावर कुणीतरी चुन्याने पट्टा मारलेला. सुरुचीपासून तिथवर माझी अडतीसशे पावलं व्हायची. मी बुंध्याला हात लावायचे, दोन घोट पाणी प्यायचे आणि वळायचे. तीन वर्षं हात लावून लावून तिथे खोडाची साल जराशी गुळगुळीत झाली होती, की मला तसं वाटत होतं.

१७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ आमच्या समोरून समुद्रातून वर गेलं. दिवसभर खिडक्या हादरत होत्या. चार दिवसांनी किनाऱ्यावर गेले तर बनात ठिकठिकाणी झाडं आडवी, आणि माझं झाड उभं. फक्त त्याच्या पाण्याकडच्या बाजूची वाळू गेली होती आणि मुळं हवेत आली होती. मला उगाचच वाटलं की आता याला काही होणार नाही. त्या पावसाळ्यात ते टिकलं. पुढच्या पावसाळ्यात, जुलैच्या उधाणात, गेलं. मी पोचले तेव्हा ते पालथं पडलं होतं, शेंडा पाण्यात, मुळांचं जाळं माझ्या डोक्याएवढं उंच उभं. मुळांच्या बोटांत अजून मुठीएवढे वाळूचे गोळे धरलेले होते. प्रत्येक लाट आली की एखादा गोळा सुटायचा आणि पाण्यात विरघळायचा. चुन्याचा पट्टा खालच्या बाजूला गेला होता. मी वाकून हात लावला, साल गार आणि ओली लागली.

आमचा किनारा मागे येतो आहे. भुईगावला, कळंबला, राजोडीला, अर्नाळ्याला, सगळीकडे सुरूची ओळ दर पावसाळ्यात एकेक पाऊल आत येते. रात्री वाळू उपसली जाते ही इथली जुनी तक्रार. जिथे वाळू जाते तिथे लाटेला अडवायला काही उरत नाही. लोक धूपप्रतिबंधक बंधारा मागतात. बंधारा बांधला की शेजारचा किनारा खचतो अशी भीतीही कोळीवाड्यात ऐकू येते. भर उधाणात किनाऱ्यावर गाड्या घालून चाकांनी वाळू उखणणारी तरुण मुलं दिसली की मी थांबून बोलते. काही ऐकतात. एकाने मला विचारलं होतं, "काकू, तुमचा काय संबंध?" मी त्याला खेकड्याच्या गोळ्या दाखवल्या, त्याच्या टायरच्या खुणेला लागून. तो बराच वेळ खाली बघत होता, मग त्याने गाडी वर घेतली.

झाड गेल्यावर मी पुढचं झाड धरलं. तेही दोन वर्षांत गेलं. आता वळायला झाड धरत नाही, पावलं मोजते. पण अडतीसशे झाली की नजर आपोआप उजवीकडे जाते.

गेल्या मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला मावशी पुन्हा भेटल्या. आता त्या सरपणाला फारशा येत नाहीत, गुडघे धरतात. त्या दिवशी नातीबरोबर आल्या होत्या, ओहोटीच्या कडेला शिवल्या वेचायला. नात वाकून वेचत होती आणि मावशी उलट्या घातलेल्या घमेल्यावर बसून तिला बोटाने जागा दाखवत होत्या. चंद्र पाण्यावर दोन हात उरला होता.

"आज बरोबर आलीस," त्या म्हणाल्या.

"पाऊणपट केली ना मावशी. आणि थोडं पुढे धरलं."

त्या हसल्या. माझ्या हातावर त्यांनी चार शिवल्या ठेवल्या, ओल्या, गार, पाठीवर तपकिरी रेघा असलेल्या. मी म्हटलं, धावताना कुठे ठेवू? नातीने तिच्या फ्रॉकच्या खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढून दिली. ती कमरेला बांधून मी उत्तरेला निघाले. परत आले तेव्हा चंद्र बुडाला होता, पाणी फिरलं होतं, आणि त्या दोघींनी बसायची जागा चार हात वर घेतली होती.

"उद्या येतेस?" मावशींनी विचारलं.

"येते."

"मग पाऊण तासाने ये, बाय. आत्ताच्या वेळेला येऊ नको."